जिथे लढाई झाली नाही

मिरजेच्या एका जुन्या गल्लीत शाहीन मुजावर हेरिटेज वॉक घेत असे. तिथली विहीर बुजवून वाहनतळ करायला निघालेले पालिकेचे सभापती भोकरे एकदा मुद्दाम त्यात सामील झाले. विहिरीपाशी येताच ते सगळ्यांदेखत म्हणाले, “बाई, इथे ना कुणी राजा राहिला, ना कधी लढाई झाली. मग इतिहास कसला सांगता?”

काठाच्या दगडावर दोरांनी पाडलेल्या खाचांवरून शाहीनने हात फिरवला.

“साहेब, देवळामागच्या आणि मशिदीमागच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या इथूनच पाणी भरलं. भर उन्हाळ्यात तळ दिसला, तरी लढाई झाली नाही. हाच इतिहास.”

सभापतींनी वाकून एका खाचेत बोट घातलं. ते पुरतं आत बुडालं. विहीर बुजवायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.