माळ्याचं दार

"नाव सांगा, उस्ताद. मला फक्त नाव पाहिजे."

लियाकत जिन्याच्या पायथ्याशी उभा होता. अंगावर मुंबईहून आणलेला नवा सदरा, पाय घोट्यापर्यंत चिखलात, हातात पोलिसांत द्यायची तक्रार. सगळी लिहून तयार. फक्त आरोपीच्या नावाची जागा कोरी.

बापूमिया पायरीवर बसून कुऱ्हाडीला धार लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाचं नाव?"

"माझ्या दारावर कुऱ्हाड घालणाऱ्याचं."

दगड पात्यावरून फिरत राहिला.

"माझं लिही."

लियाकतला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. चौऱ्याहत्तरीचा माणूस, पंधरा वर्षं ज्याच्या हाताखाली रंधा ओढला तो, असल्या वेळी थट्टा करतो...

आता बंदर मोहल्ला म्हटलं तर शहरात निम्म्या लोकांना कळत नाही. लाकडी मशीद म्हणा, रिक्षावाला पुढचा पत्ता विचारत नाही. नदीला लागून उभी आहे. खांब, तुळया, सज्जा, सगळं सागवानी. बाहेरची माणसं कोरीवकाम बघायला येतात. पण मोहल्ल्याचा जीव आहे तो तिच्या माळ्यावर. नदी गल्लीत शिरली की सगळ्यांनी बाहेरच्या जिन्याने चौदा पायऱ्या चढायच्या आणि माळा गाठायचा. माळ्याचं दार एरवी मिटलेलं असतं, पण त्याला कडी नाही, कुलूप नाही. ढकललं की उघडायचं, एवढंच त्याचं काम.

जुनं दार किडलं, म्हणून नवं लियाकतने केलं. चौदा महिने लावले. फणसाच्या लाकडाच्या दोन फळ्या, त्यांवर खालपासून वरपर्यंत वेल. डाव्या फळीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत स्वतःचं नाव. उन्हाळ्यात दार बसवलं तेव्हा मिटलेल्या फळ्यांमधून पोस्टकार्डसुद्धा सरकलं नव्हतं. त्याच दारासाठी मुंबईत त्याचा सत्कार झाला. शाल मिळाली, मानचिन्ह मिळालं. तो शाल पांघरून व्यासपीठावर बसला होता त्या सकाळी इकडे नदी गल्लीत शिरली. रस्ते सुरू व्हायला तीन दिवस गेले. आज येऊन बघतो तर उजव्या फळीच्या ढलप्या पायऱ्यांवर पडलेल्या.

"उस्ताद, थट्टा पुरे झाली."

"थट्टा कुठली? मीच तोडलं. ह्याच कुऱ्हाडीने."

लियाकतचा आवाज चढला. गल्लीत चिखल उपसणारे दोघेतिघे थांबले.

"तुम्ही? तुम्हाला चांगलं बघवत नाही का कुणाचं? मुंबईचं बोलावणं आलं तेव्हा तुम्ही एक शब्द चांगला बोलला नाहीत. आता कळलं का ते. शागीर्द पुढे गेला हे सोसलं नाही तुम्हाला."

बापूमियांनी दगड खाली ठेवला. पात्यावरून अंगठा फिरवला.

"डावी फळी शाबूत आहे," ते म्हणाले. "मी तिला हात लावलेला नाही. जा, उघड."

"उघडायला काय झालंय?"

"म्हणून तर म्हणतो, उघड."

लियाकत दोन दोन पायऱ्या चढून वर गेला. खांद्यावरची मानचिन्हाची पिशवी कठड्याला अडकवली. फळीवर तळवा ठेवला आणि ढकललं.

फळी हलली नाही.

दोन्ही हात लावले. नाही. मग खांदा लावला. मग दोन पायऱ्या मागे येऊन, दात खाऊन, अंग टाकलं. दहा-बारा दिवसांची झड पिऊन फुगलेलं लाकूड चौकटीत असं बसलं होतं, जणू दार नव्हेच, भिंत. त्याने लाथ घातली. स्वतःच्याच वेलीवर, स्वतःच्या बुटाने. पिशवी कठड्यावरून सुटली आणि आतल्या मानचिन्हासकट चिखलात पडली. फळी होती तिथेच होती.

त्याला धाप लागली. कपाळ फळीला टेकलं, आणि तेव्हा कुठे त्याला दार दिसलं. आल्यापासून त्याला कुऱ्हाडीचेच घाव दिसत होते.

वेलीवर हात उमटले होते. चिखलाचे, वाळलेले. छातीच्या उंचीला मोठे. कमरेच्या उंचीला लहान. अगदी खाली, उंबरठ्याशी, चार बोटं, पेन्सिलीएवढी. एका पानाच्या कोरलेल्या शिरेत हिरव्या बांगडीची काच रुतून बसली होती.

"एकतीस माणसं होती ह्या जिन्यावर," खालून बापूमिया म्हणाले. "पाणी अकराव्या पायरीला लागलं होतं."

लियाकत वळला नाही.

"मोहल्ल्यातले पुरुष कामावर गेलेले. मी होडीतून पोचेपर्यंत पाऊण तास गेला. पाऊण तास ही माणसं तुझं दार ढकलत होती."

जिन्याखालच्या ओट्यावर खैरूनबी बसली होती. ऐंशीच्या घरातली, काडीसारखी बाई. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. लियाकत येताना तिच्या अंगावरून गेला होता, पण रागाच्या भरात त्याने तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

"मी सगळ्यांच्या पुढे होते रे पोरा," ती म्हणाली. "मला वाटलं, तू नवी कडी बसवलीस आणि आधी पोचलेल्यांनी ती आतून लावली. काय शिव्या दिल्या मी आतल्यांना. त्यांच्या मुलाबाळांना दिल्या. हात मोडेस्तोवर ठोकलं... आत कुणी नव्हतंच."

ती हसली नाही की रडली नाही. डाव्या हाताने प्लास्टरची कड खाजवत राहिली.

लियाकत खाली उतरला तो पुन्हा तापूनच. आता राग कुणावर काढावा हेच त्याला उमगत नव्हतं.

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं."

सांगितलं होतं, हे खरंच. ह्या मशिदीची रीतच तशी. माळ्याचं दार बसवायचं उन्हाळ्यात, पण पास करायचं भर पावसात. आठवडाभर झड लागली की मोहल्ल्यातला सगळ्यात अशक्त माणूस वर आणायचा आणि त्याच्याकडून दार ढकलून घ्यायचं. त्याने एका हाताने उघडलं, तर मिस्त्रीला जेवायला घालायचं. नाही उघडलं, तर दार उतरवून पुन्हा रंधा मारायचा. मिस्त्री कितीही मोठा असो.

यंदाच्या झडीला आठवडा झाला तेव्हा बापूमिया खैरूनबीला हाताला धरून जिन्याशी घेऊन आले होते. लियाकत तेव्हा मुंबईला निघाला होता, पॉलिश लावलेल्या बुटांत.

"तेव्हा तू काय म्हणालास, आठवतं?"

लियाकतने बुटांवरच्या चिखलाकडे पाहिलं.

"तू म्हणालास, उस्ताद, माझं दार बघायला मोठमोठी माणसं येतात, आणि ते पास करणार कोण, तर ही म्हातारी? असं म्हणून तू हसलास."

बापूमियांचा आवाज पहिल्यांदाच फाटला.

"आणि मी गप्प बसलो. अरे, मलाही दार आवडलं होतं. तिला माघारी घरी पाठवली मी. तीन दिवस मला माझाच संताप येतोय, आणि तू म्हणतोस, मला तुझं चांगलं बघवत नाही?"

गल्लीत फावड्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. लियाकतने खिशातून पेन काढलं. तक्रारीचा कागद गुडघ्यावर धरला आणि कोऱ्या जागेत ठळक अक्षरांत लिहिलं: लियाकत कासम मिस्त्री. कागद उस्तादांपुढे धरला. मान ताठ होती.

बापूमियांनी वाचलं. कागद चुरगळून चिखलात टाकला.

"पुन्हा स्वतःचंच नाव. दारावर कोरून भागलं नाही का?"

"मग काय करू मी?"

त्यांनी नदीकडे पाहिलं. पलीकडच्या डोंगरावर आभाळ पुन्हा काळं झालं होतं. एका फळीच्या वाटेने एकतीस माणसं आत जायला किती वेळ लागला होता ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी कुऱ्हाड उचलली आणि दांडा लियाकतकडे केला.

पंधरा वर्षं लियाकत वाट बघत होता, की एक दिवस उस्ताद आपली तासणी त्याच्या हातात देतील आणि मशिदीचा मिस्त्री म्हणून त्याचं नाव घेतील...

त्याने कुऱ्हाड घेतली. वर गेला. पहिला घाव घालताना त्याने डोळे मिटले, म्हणून तो चुकला. दुसरा त्याने डोळे उघडे ठेवून घातला. चौदा महिन्यांचं काम मोडायला चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. वेल गेली, नाव गेलं. हिरवी काच अडकलेलं पान तेवढं त्याने उचलून सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

माळ्याची अंधारी वाट मोकळी झाली. आतून ओल्या चटयांचा वास आला.

तो खाली आला. घामाने आणि रडण्याने तोंड ओलं झालेलं. बापूमियांच्या पायांशी कुऱ्हाड ठेवली आणि हात जोडले.

"मला माफ करा, उस्ताद."

बापूमियांनी कुऱ्हाड आपल्याकडे ओढून घेतली. दगड उचलला आणि खैरूनबीच्या ओट्याकडे मान केली.

"मला कशाला म्हणतोस? माझ्याकडे कुऱ्हाड होती."