प्लायवूडची पेटी

"आक्का, ह्याचा आवाज बंद कसा करू?"

अभिरामने हे विचारलं तेव्हा आक्कांनी अजून पायही पुसले नव्हते.

ह्याचा म्हणजे कॉम्प्युटरचा. आतल्या खोलीत टेबलाखाली तो घूंऽऽ करत होता आणि ते बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू येत होतं.

आक्का आमच्या मठाच्या गुरू. त्यांची पिशवी मी सांभाळतो, त्यामुळे त्या जातात तिथे मी जातो. त्या दिवशी सांगलीला अभिरामच्या घरी गेलो होतो. शिष्याच्या घरी आक्का यायच्या म्हणजे रांगोळी, हार, आलेगेले, नुसती धांदल. इथे रांगोळी होती. धांदल नव्हती. दाराला बेलसुद्धा नव्हती, तिच्या जागी दोन वायरी चिकटपट्टी लावून बंद केल्या होत्या. दार वाजवलं तर शर्वरीने, अभिरामच्या बायकोने, ओठांवर बोट ठेवूनच ते उघडलं. समोर आक्का दिसल्यावर बिचारी ओशाळली.

अभिराम घरबसल्या कॉम्प्युटरवर इमारतींची चित्रं करतो. अजून पायासुद्धा खणलेला नसतो आणि ह्याच्या चित्रात गॅलरीत तुळस डोलत असते. त्या आतल्या खोलीतच तो काम करतो, त्याच खोलीत ध्यानाला बसतो. सकाळी मौन, संध्याकाळी ध्यान. आक्कांच्या सगळ्या शिष्यांत आपणच पुढे गेलो आहोत, असं तो कधी म्हणाला नाही. पण बसायचा मात्र तसा.

"बंद कशाला करायचा?" आक्कांनी विचारलं.

"शांततेत एवढा एकच अडथळा राहिलाय."

"बाकीचे?"

"बाकीचे सगळे गेले," अभिराम म्हणाला. अभिमान वाटत होता त्याला. "टीव्ही काढला. बेल काढली. मिक्सर मी घरात नसताना लावायचा. कुकर तर शर्वरीने माळ्यावरच टाकला. आता घरात कुणाचा आवाज म्हणून नाही, आक्का. फक्त हा."

आक्का आतल्या खोलीत जाऊन खुर्चीत बसल्या. कॉम्प्युटर घूं करतच होता.

"हा गप्प का बसत नाही?"

अशा प्रश्नाची तो वाटच बघत होता. भराभर सांगायला लागला. आतले पंखे बदलले, मोठे आणि सावकाश फिरणारे आणून बसवले. धूळ काढली. खाली रबराचे पाय लावले, म्हणजे फरशी थरथरू नये. एवढं केल्यावर आवाज पुष्कळ कमी झाला.

"मग झालं की."

"कमी झाला, पण गेला नाही. म्हणून सुताराकडून पेटी करून घेतली."

पेटी आम्हाला दाखवली त्याने. जाड प्लायवूडची, आतून सगळीकडे स्पंज लावलेला, खालून उघडी. कोंबडीवर पाटी झाकावी तशी ती कॉम्प्युटरवर झाकली होती. वरून शर्वरीच्या आईने शिवलेली गोधडी, तीही चांगली चौपदरी करून. मी हात लावून बघितलं. गोधडी तापली होती.

"पेटी घातल्यावर थांबला?"

"पहिले काही दिवस अगदी चिडीचूप. नंतर हे असं सुरू झालं. पूर्वीपेक्षाही जास्त."

"का रे?"

"आत गरम झालं की पंखे जोरात फिरतात. त्यांना फिरावंच लागतं, नाहीतर मशीन जळेल."

"आणि गरम कशाने होतं?"

"हवा मिळत नाही, आक्का."

"का मिळत नाही?"

"पेटीमुळे."

"पेटी कशाला?"

"आवाज येऊ नये म्हणून."

आक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिलो. मला वाटलं, आता तरी ह्याच्या डोक्यात प्रकाश पडेल...

"म्हणूनच म्हणतो," अभिराम म्हणाला, "पेटीला बाहेरून आणखी एक अस्तर लावून घेणार आहे."

मला हसू आलं ते मी खोकल्यात घालवलं. खोकल्यावरसुद्धा अभिरामचा हात वर झाला, पंजा माझ्याकडे करून. मग मी आक्कांबरोबर आलेला आहे हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने तो हात केसांवरून फिरवला.

"पाणी पिऊन येते," म्हणत आक्का उठल्या.

पाण्याचा तांब्या समोरच होता. पण आक्का उठल्या की मी उठतो.

स्वयंपाकघरात शर्वरी उघड्या पातेल्यात डाळ शिजवत होती. डाळ काही शिजत नव्हती. ती ढवळायची, एक दाणा दाबून बघायची, परत ढवळायची. ओट्याखाली कोपऱ्यात एक बॅग होती. प्रवासाची, चेन लावलेली.

आक्कांनी बॅगेकडे पाहिलं.

"आक्का, मी जाते आहे," शर्वरी कुजबुजली.

"कुठे?"

"कणकवलीला. शाळेत नोकरी मिळालीय, भूगोल शिकवायची. राहायची सोय आहे. सोमवारी रुजू व्हायचंय."

"परत कधी येणार?"

शर्वरीने डाळ ढवळली. "ते ठरवलं नाही. यावंसं वाटेल असं काही..." तिने वाक्य सोडून दिलं.

"अभिरामला माहीत आहे?"

"नाही."

"सांग मग."

"सांगायला जाते तेव्हा तो हात वर करतो."

तिने करून दाखवलं. तोच पंजा, माझ्या खोकल्यावर उठलेला. मला फार वाईट वाटलं. लग्नाला आम्ही सगळे मठातून आलो होतो. ही मुलगी तेव्हा एवढी बोलत होती, की भटजी मधे थांबून तिची गंमत करत होते.

"जरा मोठ्याने बोल," आक्का म्हणाल्या. "मला कमी ऐकू येतं."

आक्कांना चांगलं ऐकू येतं. मठात परसातल्या विहिरीवर कुणी त्यांच्याबद्दल बोललं तरी त्यांना ऐकू जातं.

"सवय गेली, आक्का," ती म्हणाली. तेही कुजबुजतच.

आक्कांनी गॅस थोडा मोठा केला आणि त्या परत अभिरामच्या खोलीत आल्या. तो आसनावर डोळे मिटून बसला होता. कपाळावर घाम होता. खोलीत उकडत होतं, कारण वरचा पंखा बंद होता. तोही आवाज करत असणार.

"पेटी काढ," आक्का म्हणाल्या.

त्याने डोळे उघडले. "आत्ता? आक्का, आवाज सगळा बाहेर येईल."

"येऊ दे."

"तुम्हाला त्रास होईल."

"काढ."

त्याने गोधडी बाजूला केली, वाकला आणि पेटी उचलली. गरम हवेचा झोत पायावर आला. मागोमाग आवाज. आतापर्यंत जे ऐकत होतो ते काहीच नव्हतं. पिठाच्या गिरणीत उभं राहावं तसं वाटलं मला.

"कुठे ठेवू?" अभिराम ओरडून म्हणाला.

"ठेवू नकोस. धर."

"धरून ठेवू?"

"हं."

त्याचा चेहरा उजळला. मी ओळखलं, ह्याला वाटलं ही परीक्षा आहे. तो पाठ ताठ करून उभा राहिला. पेटी चांगली जड होती, दोन्ही हात खालून घातल्याशिवाय पेलणारी नव्हती.

"शर्वरी, ये गं इकडे," आक्कांनी हाक मारली. "मला सांगितलंस ते ह्याला सांग."

शर्वरी दारात आली. हातात डाव तसाच. तिने एकदा आक्कांकडे पाहिलं, एकदा कॉम्प्युटरकडे.

"मी जाते आहे," ती पुटपुटली.

"काय?" अभिराम म्हणाला.

"मला ऐकू आलं नाही," आक्का म्हणाल्या.

"मी जाते आहे!"

ती स्वतःच दचकली. तिचा आवाज कॉम्प्युटरच्या वर गेला होता. अभिरामचा उजवा हात सवयीने उठायला गेला, पेटी कलंडली, त्याने घाईने परत खाली हात घातला. आता दोन्ही हात पेटीखाली होते.

"शर्वरी, आक्कांसमोर..." तो म्हणाला.

"आक्कांसमोरच. एरवी तू कुठे भेटतोस?"

मग ती बोलायला लागली.

नोकरीचं सांगितलं, सोमवारचं सांगितलं. अभिराम म्हणाला, "मला सांगितलं नाहीस कधी."

"सांगायला आले होते. तू मौनात होतास, हात वर केलास. परत आले. तू कामात होतास, हात वर केलास. मग मी हो कळवून टाकलं. बॅग भरली, तीसुद्धा आवाज न करता."

आक्का खुर्चीत बसून ऐकत होत्या. हातातली माळ त्यांनी मांडीवर ठेवून दिली होती.

"आई आजारी होती तेव्हा मी जिन्यात उभी राहून तिच्याशी फोनवर बोलायचे. शेजारच्या काकू विचारायच्या, घरात भांडण झालंय का गं? मी म्हणायचे, छे हो, आमच्याकडे भांडण होतच नाही. अभिमानाने सांगायचे, अभिराम! काल मला शिंक आली तर मी बाथरूमचं दार लावून घेतलं. आरशात बघितलं आणि वाटलं, ही कोण बाई आहे? शिंकेला घाबरणारी?"

तिचा आवाज फाटला. ती रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. चिडली.

"तुझ्या साधनेच्या आड मी कधी आले? सांग ना. तू पहाटे उठायला लागलास, मी तुझ्यासाठी दूध तापवून ठेवायला लागले. तू म्हणालास भांड्यांचा आवाज होतो. मी दूध रात्रीच तापवायला लागले. तू म्हणालास फ्रिजचं दार वाजतं. आता तू दूध पीतच नाहीस. आणि आक्कांना सांगतोस, अडथळे गेले!"

पेटी अभिरामच्या हातात थरथरायला लागली होती. प्लायवूडची कड मनगटात रुतत असावी. त्याने आक्कांकडे पाहिलं. आक्का शर्वरीकडे बघत होत्या.

"खरं सांगू?" शर्वरी म्हणाली. आता तिला श्वास लागला होता. "मला कणकवलीला जायचंय की नाही हेही मला माहीत नाही. मला फक्त कुणाशी तरी बोलायचंय. चाळीस मुलं असतील वर्गात. गोंधळ घालतील. आणि मी गेले तर तुला बरं वाटेल की वाईट, तेही मला कळलेलं नाही. तू कधी कळूच दिलं नाहीस."

एवढं बोलून ती थांबली. डाव तिने दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

शेवटचं वाक्य फार मोठ्याने ऐकू आलं. मला वाटलं, तिने आवाज चढवला. पण तसं नव्हतं.

अभिरामच्या ते आधी लक्षात आलं. शेवटी आवाजावर कान ठेवणं हेच त्याचं काम. त्याने खाली वाकून कॉम्प्युटरकडे बघितलं.

"आक्का," तो म्हणाला. "पंखे... शांत झाले."

खरोखरच शांत झाले होते. कधी झाले ते कुणालाच कळलं नव्हतं. कान देऊन ऐकलं तर अगदी बारीक फिरफिर येत होती, झोपलेल्या माणसाच्या श्वासाएवढी. स्वयंपाकघरातून डाळीची रटरट येत होती.

अभिराम खाली बघत राहिला. मग त्याने हळूहळू मान वर केली. पंखे शांत झाल्याचं आपण कुठल्या क्षणी सांगितलं, हे त्याचं त्यालाच ऐकू गेलं असावं. चेहरा पडला त्याचा. आसनावर बसणारा तो अभिराम मला कुठे दिसेना. दिसत होता एक घामाघूम झालेला माणूस. पेटीमागे त्याचं अर्धं तोंड झाकलं होतं.

"शर्वरी..." तो म्हणाला. पुढचं त्याला सुचेना. एवढ्या दिवसांत त्यालाही सवय राहिली नसेल.

शर्वरी दारातच उभी होती. ती गेली नाही, पुढेही आली नाही.

त्याचे दंड आता चांगलेच थरथरत होते. पेटीची एक बाजू खाली झुकली. त्याने गुडघा लावून ती सावरली आणि आक्कांकडे वळला.

"आक्का, आता पेटी खाली ठेवू का?"

आक्कांनी मांडीवरची माळ उचलली.

"मला काय विचारतोस?" त्या म्हणाल्या. "तिला विचार."