विचारायला काय जातं?

“पण आक्का, सोडावं नेमकं काय काय लागेल?”

टिपणीस मास्तरांनी हे विचारलं तेव्हा आक्का ओल्या वाळूतून झपाझप पुढे निघाल्या होत्या. लुगडं घोट्याच्या वर खोचलेलं, पाय अनवाणी. मास्तर मागून. पायांत बूट, बुटांत वाळू आणि हातात आक्कांची रिकामी पिशवी.

सहा वर्षं हेच चाललं होतं. शाळेला सुट्टी लागली की मास्तर कोल्हापूरहून एसटीने घाट उतरायचे आणि समुद्रकाठच्या आक्कांच्या मठात यायचे. मठ कसला, दोन खोल्या आणि एक पडवी. मास्तरांना आक्कांचा अनुग्रह हवा होता. आक्कांनी आजवर कोणालाच अनुग्रह दिलेला नव्हता. तो पहिला मान आपलाच, अशी मास्तरांची खात्री. संस्कृतचे मुख्याध्यापक, उपनिषदं तोंडपाठ, यापेक्षा बरा शिष्य या बाईंना मिळणार होता कुठून?

पण आज ते ठरवूनच आले होते. दहाच्या एसटीआधी सरळ उत्तर घ्यायचं. मिळालं नाही तर पुन्हा या मठाची पायरी चढायची नाही. बस झालं.

“ऐकलंत का? खुर्ची सोडावी लागेल? घरदार? मासळी तर मी चार महिन्यांपूर्वीच सोडलीय.”

“घेणार आहेस का अनुग्रह?” आक्कांनी मागे न बघताच विचारलं.

“ते बघू हो पुढचं पुढे. आधी कळू तर द्या! विचारायला काय जातं?”

“खरंच की...” आक्का म्हणाल्या. “विचारायला काय जातं!”

आणि समुद्र सोडून त्या बाजाराकडे वळल्या.

आठवड्याचा बाजार नुकता कुठे मांडत होते. पहिल्याच दुकानात आक्कांनी गुंडाळलेली चटई उलगडायला लावली. तिच्यावर मांडी घालून बसल्या. उठल्या, चटई उन्हात धरून वीण पाहिली.

“कशी दिलीस?”

चटईवाल्याने भाव सांगितला. आक्कांनी मान डोलावली आणि चालू लागल्या.

मग आमसुलं. एक चाखलं, दुसरं चाखलं, भाव विचारला. पुढे. मग केरसुण्या. मग पोळपाट. मग बैलाच्या गळ्यातली घुंगरं, तीही वाजवून बघितली. बैल कुठाय हो यांच्याकडे! मास्तरांचे कान तापले. मागे राहिलेले दुकानदार टकामका बघत होते आणि पिशवी आपली रिकामीच.

“आक्का, अहो लोक बघतायत.”

“बघू देत. विचारायला काय जातं?”

शेवटी सुक्या मासळीची ओळ आली. एका बाईने आत्ताच टोपली उघडून बांगड्यांचे वाटे लावले होते. आक्का तिच्यापुढे बसल्या. बांगडा उचलला, हुंगला, मोडून पाहिला.

“वाटा कसा?”

बाईने सांगितला. आक्का लुगडं झटकून उठल्या.

“अगो आज्ये!” बाई कडाडली. “घेवचा नाय तर इचारतंस कित्याक? माजी भवानी जावची आसा अजून!”

बाजार थबकला. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. पहिलं गिऱ्हाईक नुसता भाव विचारून रिकाम्या हाताने गेलं, तर दिवसभर टोपली उठत नाही असं तिथे सगळेच मानतात.

“ह्या म्हातारेक घेवन कोण इलो?” बाईने चौफेर विचारलं.

सगळ्या माना मास्तरांकडे वळल्या. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“दे बाई, दे एक वाटा. दोन दे! पण ओरडू नकोस.”

बाईने नोट टोपलीला लावली, कपाळाला लावली आणि कमरेला खोचली. तिचा चेहरा लगेच निवळला. चार महिन्यांपूर्वी मासळी सोडलेले मास्तर पिशवीत बांगडे घेऊन वाळूत आले.

तिथे मात्र त्यांचा बांध फुटला.

“हद्द झाली आक्का! काडीची वस्तू घेतली नाहीत तुम्ही! घ्यायचंच नव्हतं तर भाव कशाला विचारत फिरलात? वर म्हणे, विचारायला काय जातं! तुमचं नसेल जात, त्या बाईचं जात होतं ना! सकाळी सकाळी टोपली उघडून बसलीय बिचारी, कोणी तरी घेईल म्हणून...”

आक्का ऐकत होत्या.

“आणि माझं उत्तर? एसटीची वेळ झाली! सहा वर्षं विचारतोय मी तुम्हाला... सहा वर्षं!”

एक लाट आली. मास्तरांचे बूट भिजवून परत गेली.

आक्कांनी त्यांच्या हातातून पिशवी घेतली. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी मास्तरांकडे नीट पाहिलं. मास्तरांना वाटलं, रागावल्या. पण डोळे पाणावले होते म्हातारीचे.

“अरे मास्तरा...” आक्का म्हणाल्या. “माझी पण भवानी व्हायचीय रे अजून.”