हौद्यातली माती

एकदा एक पैलवान होता. अंगानं हत्ती आन् डोक्यानं फुफाटा. शाळा चौथीत सुटली, पण तालीम सुटली न्हाई. पोरीचा बाप झाला तरी रोज सकाळी म्हाताऱ्या वस्तादांच्या पाया पडून, हौद्यातली लाल माती कपाळाला लावल्याबिगर चहा पीत नव्हता.

त्याची केतकी अकरा वर्षांची. बोलायला लाजाळू, पण कागदावर म्हैस काढली तर आता वैरण मागंल आशी काढायची. शाळेच्या बाईंनी मोबाईलवर पोरींचा एक गट केलेला. गावोगावच्या पोरी तिथं चित्रं टाकायच्या, गोष्टी लिवायच्या, एकमेकीला शाबासकी द्यायच्या. घरात तोंड न उघडणारी केतकी तिथं घडाघडा बोलायची.

एका संध्याकाळी ती बापाचा मोबाईल घिऊन त्याच्याकडंच आली. "आबा, ह्ये बघा की. ही पोरगी न्हाई वाटत."

पोरीच्या नावानं कुणीतरी गटात घुसलेला. लिवलं होतं, 'म्हैस झकास काढलीस. आता तुझा फोटू धाड. घरात सांगू नको.'

पैलवान हबकला. भर मैदानात पाठ मातीला लागली तवाबी त्यो आसा हबकला नव्हता. मग एकदम उकळला. मोबाईल दगडावर आपटला. चित्रांचे कागद, रंग, सगळं चुलीत कोंबलं. पोरीच्या पाठीत धपाटा घातला. "गटात कोणबी बाप्या घुसतोय! आजपास्नं ही थेरं बंद!"

केतकी रडली न्हाई. नुसती आत गेली.

सकाळी पैलवान तालमीत आला आन् दारातच थिजला. वस्ताद खोरं घिऊन हौद्याची माती उपसत होते आन् रस्त्यावर फेकत होते. तूप, ताक, हळद घालून पोसलेली माती!

"वस्ताद! खूळ लागलं का काय?"

"काल एक दारुडा पायताणासकट हौद्यात उतरला. तालीम बंद. कुलूप लावायचं."

"आवं, एक दारुडा घुसला म्हणून तालीम मोडायची? त्येच्या टाळक्यात हाणा! दाराशी माणूस बसवा! पोरांनी काय घोडं मारलंय?"

"मग केतकीनं काय मारलं हुतं?" वस्तादांनी खोरं खाली ठेवलं. "तुझा आवाज येशीपतोर आला काल."

"तुमास्नी ठावं न्हाई! त्यो हरामी तिला म्हणतोय, घरात सांगू नको!"

"मग तिनं काय केलं?"

"मला... मला यिऊन सांगितलं."

"आन् तू तिलाच हाणलंस. त्याचंच खरं केलंस की रं. पुढच्या बारीला ती कुणाचं ऐकंल? तुझं का त्याचं?"

पैलवानानं खाली ठेवलेलं खोरं उचलून भिताडाला लावलं.

वस्ताद हळू बोलले, "ह्या तालमीचं दार बुटकं का हाय, लेका? येणारा मान वाकवतो, तवर मी त्याला बघून घेतो. काल मी जाग्यावर नव्हतो, चूक माझी, मातीची न्हाई. तू बारका हुतास तवा तुझ्याच जोडीच्या पोराशी तुला लावलं, थोरल्याला हौद्यात पाय ठिवू दिला न्हाई. म्हणून तू न भिता पडलास आन् पैलवान झालास. पोरींस्नीबी आसा हौदा लागतो. त्येच्या दारात कोण बसलंय, ह्ये आधी इचार."

पैलवानानं रस्त्यावरची माती ओंजळीनं परत आत आणली. मग शाळेत गेला. बाईंच्या मोबाईलवर गटात लिवलेलं सगळं होतंच. त्या माणसाला गटाबाहेर काढलं, पोलिसांत तक्रार गेली. नव्या पोरीला आत घ्यायच्या आधी तिच्या आईशी बोलायचं, आन् बाईंनी रोज गट बघायचा, आसं ठरलं.

घरी यिऊन पैलवान उंबऱ्यावर बसला. आत गेला न्हाई.

"केते, तुझं काय चुकलं न्हाई. माझं चुकलं."

आत केतकीनं चुलीतला एक कोळसा उचलला. फरशीवर रेघा उमटल्या. पाठ, शेपूट, शिंगं.

"आबा, जमली का?"

"जमली. डावं शिंग तेवढं आखूड हाय."

"आपल्या म्हशीचं तसंच हाय."

पैलवान गोठ्यात गेला. म्हशीपुढं उभा ऱ्हायला. रोज दोन येळा धार काढायचा, पण त्येनं कधी बघितलंच नव्हतं. डावं शिंग खरंच आखूड होतं.