फक्त मकरंदला बसणारा उखाणा

लग्नाची पंगत बसली. ऋजुताने उखाण्यात नाव घेऊन नवऱ्याला, मकरंदला, घास भरवायचा, तोच त्याचे बाबूमामा मोबाइल नाचवत पुढे सरसावले.

"कशाला डोकं शिणवतेस, सूनबाई? हे एआय चुटकीसरशी उखाणा करतं. तुझ्या माहेरी कुणाला जमेल का असं?" आणि त्यांनी खणखणीत वाचलं, "गुलाबाच्या फुलाला मोहक सुगंध, माझ्या जीवनाचे साथी मकरंद!"

टाळ्या पडल्या. ऋजुताच्या आईने मान खाली घातली. ते पाहून ऋजुताने पदर खोचला.

"छान आहे, मामा. शेजारच्या हॉलमधल्या नवरदेवाचं नाव आनंद आहे. त्याचं नाव घालून बघा. बसतं?"

"अगदी चपखल!" मामा फुशारले.

"घोडं इथंच पेंड खातं! त्यात एआयचा काय दोष? तुम्ही त्याला नुसतं नाव सांगितलंत. सकाळी इथं काय घडलं, ते मी पाहिलंय. ऐका:

अक्षता हातात राहिल्या, बँड झाला बंद,
आजोबांचं कानाचं मशीन शोधायला हॉलभर रांगले मकरंद!"

पंगत खो खो हसली. मामांनी मोबाइल गुपचूप खिशात टाकला.

"नात कुणाची!" कोपऱ्यातून आजोबा गरजले. त्यांना शब्दन् शब्द ऐकू आला होता.