ताणलेला दोर सोडायचा नाही

एका गावात एक भोळा भाचा होता. भोळा हा आपला तोंडावर म्हणायचा शब्द. पाठीमागं गाव काय म्हणायचं ते इथं लिहिण्यासारखं नाही. नाव सिदराम, हाक सिदू. अंगापिंडानं दणकट, खाण्यात कसूर नाही, कामाला कधी नाही म्हणणं नाही, आणि सांगितलेलं विसरणं तर नाहीच नाही. तोच सगळा घोळ होता. विसरला असता तर निम्मं गाव सुखी झालं असतं.

सिदू राहायचा मामाकडं. मामा म्हणजे रंगराव. रंगराव फार हुशार. हे ते स्वतःच सांगायचे, त्यामुळं दुसऱ्या कुणावर सांगायची वेळ कधी आली नाही. त्यांनी कृषी प्रदर्शनातून एक विंच आणला होता. म्हणजे ट्रॅक्टरच्या नाकावर बसवायचं एक रीळ, रिळावर तारेचा दोर, आणि लांब वायरीला लोंबणारं बटण. बटण दाबलं की विजेच्या मोटारीवर रीळ फिरतं आणि दोर ओढून घेतं. बटण सोडलं की रीळ आहे तिथं घट्ट. दोराचं दुसरं टोक झाडाला बांधायचं. तिकडं करवत चालवायची, इकडनं दोर ओढायचा, की झाड आपण म्हणू त्या बाजूला आडवं. कुणाच्या घरावर नाही, कुणाच्या टाळक्यात नाही. रंगरावांनी मोबाईलवर चार व्हिडिओ बघितले आणि ते झाडपाडीतले जाणकार झाले. जाणकार व्हायला आजकाल एवढं पुरतं.

विंच आणला होता तो गोदूकाकूच्या शिरसासाठी. रंगरावांच्या खळ्यापलीकडं काकूचं कौलारू घर. घराच्या आणि खळ्याच्या मध्ये शिरसाचं थोरलं झाड. ते वीज पडून वाळलं, आणि वाळता वाळता काकूच्या कौलांवर कललं. वारं सुटलं की झाड कुरकुरायचं. झाड कुरकुरलं की काकू उशी काखेत मारून मारुतीच्या देवळात जाऊन निजायची. एकटी बाई, तेवढं एक घर. ते गेलं तर देऊळच कायमचं.

रंगराव म्हणायचे, "काकू, आधी दोन-चार बारकी झाडं पाडून हात बसवतो. मग तुझं. तवर भिऊ नको."

"मी कशाला भिऊ रं? त्या झाडाला तेवढं सांग, तवर थांब म्हणावं."

"मग माझ्या सोप्यात येऊन नीज की. खांब बघितलेस का माझे? भूकंप झाला तरी हलायचे नाहीत."

खांब देवीच्या ओट्यासाठी गावानं आणलेल्या सिमेंटातनं 'उरलेल्या' सिमेंटाचे होते. पण दुसऱ्याच्या घरातलं आपण कशाला काढा?

तर पहिली निघाली बांधावरची बाभळ. रंगराव म्हणाले, "सिदू, दोर झाडाला बांध." सिदूनं बांधला. रंगरावांनी करवत लावली, सिदूनं बटण दाबलं. दोर ताणला, ट्रॅक्टर खाकरला, बाभळ काही हलेना. रंगरावांनी बघितलं तर दोर पार बुडाला, मातीला टेकून बांधलेला.

"आरं, बुडाला का बांधलास?"

"मामा, तुम्हीच सांगितलं की, झाडाला बांध म्हणून. बूड काय दुसऱ्याचं हाय?"

"येड्या, बुडाला बांधून काय जोर लागतोय? दोर उंच बांधायचा! जेवढा उंच, तेवढं गपगुमान येतंय."

सिदूनं मान हलवली. उंच बांधायचा. पदराला गाठ मारून ठेवावी तसं त्यानं ते ठेवलं. सिदूची गाठ पक्की असायची. फक्त ती सुटायची भलत्या ठिकाणी.

त्याच संध्याकाळी हौसामामी म्हणाली, "सिदू, म्हस बांध जा." सिदूनं गोठ्यात नजर टाकली. दाव्याला खाली खुंटा होता. खुंटा म्हणजे बूडच की. त्यानं शिडी आणली आणि दावं नेऊन आढ्याला बांधलं.

सकाळी मामी धार काढायला गेली, तर म्हैस नाक वर करून उभी. बसता येईना, खाली बघता येईना, समोरच्या वैरणीला तोंड पुरेना. नवस फेडायला उभी राहिल्यासारखी. दुधाचा थेंब नाही. मामीनं असा गळा काढला की काकू हातातलं पिठलं तसंच ठेवून धावत आली.

"आरं मुडद्या, म्हस अशी बांधत्यात?"

"उंच बांधलं की गपगुमान येतंय, मामी. बघा, किती गपगुमान हाय."

रंगराव कपाळाला हात लावून म्हणाले, "जित्राबाला दावं ढिलं सोडायचं असतंय रं! त्याला बसता आलं पाहिजे, उठता आलं पाहिजे, अंग खाजवता आलं पाहिजे."

ढिलं सोडायचं. सिदूनं गाठ मारली.

पुढची पाळी विहिरीवरच्या निलगिरीची. दोर सिदूनं या खेपेला अगदी उंच बांधला. रंगराव खूश झाले आणि बघायचं तेवढं बघायला विसरले. करवत निम्म्यात आली तेव्हा त्यांनी मागं बघितलं. दोराचं वेटोळं गवतात आरामात पसरलं होतं. सिदू बटण खिशात ठेवून शेंगा सोलत बसला होता.

"आरं, ओढ की! दोर ढिला का?"

"तिला बसता-उठता आलं पाहिजे, मामा."

निलगिरी उठली नाही. बसली मात्र. ती बसली रंगरावांच्या मोटारसायकलीवर. मोटारसायकल त्यांनी मुद्दाम सुरक्षित जागी लावली होती.

रंगराव आधी रडले, मग ओरडले. "दोर ताठ पाहिजे! आधी ताण, मग करवत! बोट लावलं तर टण्ण वाजला पाहिजे! आणि कललेलं, वाळलेलं दिसलं की त्याच्यापासनं लांब राहायचं. त्याच्या उंचीच्या दुप्पट लांब! लोकांनाबी ओरडून सांगायचं, 'बाजूला व्हा, पडतंय!' म्हणून."

कललेलं, वाळलेलं, दुप्पट लांब, बाजूला व्हा. एवढं मोठं गाठोडं सिदूला पहिल्यांदाच मिळालं होतं. ते कुठं सोडावं या विचारात तो चावडीवर आला, आणि समोरून विठूआबा आले.

विठूआबा गावातले सर्वांत जुने. काठी टेकत, डावीकडं झुकत, सावकाश चालायचे. सिदूनं निरखून बघितलं. वाळलेलं, होय. कललेलं, होय. त्यानं आबांची उंची डोळ्यांनी मापली, तेवढा दोनदा मागं सरकला आणि बोंबलला, "बाजूला व्हा! पडतंय! डावीकडचं समदं रिकामं करा!"

डावीकडं पारावर बसलेली माणसं पटापट उठली. चहावाल्यानं किटली उचलली. बाया पोरं घेऊन पळाल्या. आबांना वाटलं मागनं बैल सुटला. ते वळायला गेले, आणि वळता वळता खरोखर पडले. डावीकडंच. पोटच्या पोरागत जपलेली त्यांची तंबाखूची डबी गटारात गेली.

"बघा," सिदू म्हणाला, "मी आधीच सांगितलं हुतं."

आबांनी पडल्या जागेवरून रंगरावांच्या सात पिढ्या काढल्या. रंगरावांना हात जोडून माफी मागावी लागली. जाणकार माणसाला ते फार जड जातं.

घरी आल्यावर ते म्हणाले, "सिदू, माझ्या बाबा, एखादं पडायला आलेलं असलं तर पळायचं नसतंय. जवळ जायचं. खांद्याचा आधार द्यायचा. मायेनं विचारायचं, कसं वाटतंय म्हणून."

सिदूचे डोळे पाणावले. किती साधी गोष्ट, आणि आपल्याला आजवर कुणी सांगितली नव्हती.

मग ओढ्याकाठच्या सावरीचं काय झालं ते सांगायलाच नको, पण सांगतो. दोर उंच होता. दोर ताठ होता. रंगरावांनी बोट लावलं, टण्ण वाजलं. करवत चालली, झाड करकरलं, कलायला लागलं. तोच सिदू बटण टाकून धावला, झाड येत होतं त्याच बाजूला गेला आणि सावरीला खांदा लावून उभा राहिला.

"कसं वाटतंय?" त्यानं मायेनं विचारलं.

रंगरावांनी त्याला सदऱ्याला धरून ओढला. सावरी त्याच्या टाचेला वारा घालून पडली. सदऱ्याची एक बाही तिच्याखाली राहिली. ती अजून तिथंच असेल.

रंगरावांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत चाचपून बघितलं. बहिणीचा एकुलता एक. काही झालं असतं तर तिला काय तोंड दाखवणार होते? घाम पुसत ते म्हणाले, "सिदू, आता नीट ऐक. हे शेवटचं. दोर ओढताना तू झाडाजवळ यायचंच नाही. कुणी मेलं तरी नाही. लांब उभं राहायचं, बटण हातात, नजर शेंड्यावर. मागं बघायचं नाही. आणि एकदा ताणलेला दोर कुणी काय बी म्हणू दे, सोडायचा नाही. चुकलास तर उद्याच्या एसटीनं आईकडं."

सिदूला आईकडं जायचं नव्हतं. आई त्याला काहीच शिकवायची नाही. त्यानं ही गाठ सगळ्यांत आवळून मारली.

आणि उजाडला काकूच्या शिरसाचा दिवस. चतुर्थीचा मुहूर्त काढला होता. काकूनं झाडाला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि घराकडं एकदा असं बघितलं, जशी सासरी निघालेली पोर बघते. मग ती आणि मामी देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या. गावही तिथंच जमलं. विठूआबा सगळ्यांत लांब बसले होते. तिप्पट लांब.

रंगरावांनी बेत सांगितला. झाड काकूच्या घराकडं कललेलं, म्हणून ओढायचं उलट बाजूला, मोकळ्या खळ्यात. ट्रॅक्टर खळ्याच्या या टोकाला, रंगरावांच्या घरापुढं. शेंड्याजवळ बांधलेला दोर झाडापेक्षा लांब, म्हणजे झाड पडलं तरी ट्रॅक्टरवर यायचं नाही. सगळं बरोबर. व्हिडिओतही असंच होतं.

"शिरस वजनाला भारी हाय," रंगराव म्हणाले. "ट्रॅक्टरच उलटा फरपटत जायचा. तवा ट्रॅक्टरला मागनं साखळीनं भक्कम काहीतरी बघून बांध. मी करवत घेऊन झाडाकडं जातो. तू आधी दोर ताण, मग मी कापतो."

"भक्कम म्हणजे कसलं, मामा?"

रंगरावांना घाई होती. "भूकंप झाला तरी हलणार नाही असलं!" म्हणाले आणि निघून गेले.

सिदूनं साखळी घेतली. मागं चिंच होती, पण चिंचेबद्दल मामा कधी काही बोलले नव्हते. मळणीचा दगडी रूळ होता, त्याच्याबद्दलही नाही. भूकंप झाला तरी न हलणारी वस्तू साऱ्या गावात एकच होती, आणि तिचं नाव सिदूनं जेवताना रोज ऐकलं होतं. त्यानं साखळी सोप्याच्या मधल्या खांबाला गुंडाळली. दोन वेढे. वर, उंच.

मग तो बटण घेऊन वायर पुरेल तेवढा लांब गेला. नजर शेंड्यावर. बटण दाबलं.

दोर ताणला. पण पुरता ताणला की नाही हे कळायला बोट लावून बघायला पाहिजे, आणि बोट लावायला जवळ जायला पाहिजे, आणि जवळ तर जायचं नव्हतं. मग सिदूनं विचार केला. पुरे झाला की टण्ण असा आवाज येईल, तवर दाबून धरू.

ट्रॅक्टर जरासा पुढं सरकला. साखळी ताठ झाली. मागं काहीतरी कुरकुरलं. झाड कुरकुरतंय, सिदू खूश झाला.

झाडापाशी उभ्या रंगरावांना मात्र सगळं समोरच दिसत होतं. त्यांच्या हातातली करवत गळून पडली.

"सोड! आरं सोड! सोड!"

सिदूच्या ओठांवर हसू आलं. मामा परीक्षा घेत होते. कुणी काय बी म्हणू दे, सोडायचा नाही.

"मागं बघ! आरं, मागं बघ रं!"

हीसुद्धा परीक्षाच. सिदूनं शेंड्यावरची नजर हलवली नाही.

मग आवाज आला. टण्ण नव्हता. आधी कडाड, मग धडाड, आणि मग कौलांचा पाऊस पडल्यासारखा बराच वेळ. खांब गेला, खांबामागं सोपा गेला, सोप्यामागं तुळई गेली, आणि एकदा निघालोच आहोत म्हणून माजघराची भिंतही गेली. धुरळा खाली बसला तेव्हा रंगरावांच्या घराचं जे उरलं होतं त्यात उभी होती फक्त फडताळातली लोणच्याची बरणी.

आता आवाज पुरेसा झाला असं वाटून सिदूनं बटण सोडलं. रीळ घट्ट थांबलं. शिरसाचं एक वाळकं पानही हललं नव्हतं.

"मामा," तो ओरडला, "आता काप!"

कापायला रंगराव उभे कुठं होते? ते काकूच्या दारात बसले होते, आणि मामी त्यांना पदरानं वारा घालत होती. निदान सारी माणसं कट्ट्यावर होती, म्हशीला तर आदल्या संध्याकाळीच सिदूनं दावं इतकं ढिलं सोडलं होतं की ती पार ओढ्यावर पोचली होती. कुणाला खरचटलंही नाही. रंगरावांच्या हुशारीचं म्हणाल तर सांगता येत नाही.

त्या दिवसापासून मामा-मामीचा मुक्काम गोदूकाकूच्या माजघरात. काकूनं देवळातली उशी परत आणली. वारं सुटलं, झाड कुरकुरलं, पण कललं नाही. कसं कलणार? शेंड्याजवळ दोर, दोराला ट्रॅक्टर, ट्रॅक्टरला साखळी, आणि साखळीवर रंगरावांचं अख्खं घर पडलेलं. इतकं भक्कम बांधलेलं झाड उभ्या तालुक्यात नव्हतं. काकू घोरायला लागली.

रंगरावांना झोप नव्हती. ट्रॅक्टर अडकला, विंच अडकला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तांब्या घेऊन बाहेर आले. सिदू खळ्यात, बटण मांडीवर घेऊन, शेंड्याकडं बघत बसला होता. काकूनं त्याला चहा आणि तीन भाकऱ्या तिथंच नेऊन दिल्या होत्या.

"सिदू," रंगराव थकून म्हणाले, "झालं ते झालं. आता तरी त्यो दोर..."

आणि ते थांबले. त्यांनी वर शिरसाकडं बघितलं. मग शिरस कुठं कललाय ते बघितलं. मग त्या कौलांखाली आपलं अंथरूण कुठं आहे ते त्यांना आठवलं.

"...त्यो दोर सोडू नको रं बाबा."

सिदूनं पहिल्यांदाच शेंड्यावरची नजर काढली आणि मामाकडं बघितलं. चेहऱ्यावर थोडी नाराजी होती.

"तेच तर मी काल करत हुतो, मामा," तो म्हणाला. "तुम्ही एकदा काय ते ठरवून सांगत जावा."