गुरगुर विसरलेले पिल्लू

श्रोत्यांनो, घरातील कुत्रे गुरगुरायचे थांबले, तर ते शांत झाले असे तुम्ही समजाल काय? उत्तर देण्याची घाई करू नका. ही कथा ऐका, मग उत्तर द्या.

भिक्षूंचे गुरू शास्ता पावसाळ्यात एका विहारात वर्षावासासाठी राहिले होते. तेथे कुंडिक नावाचा एक स्थविर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, नवदीक्षित भिक्षूंना विनयाचे नियम शिकवीत असे. त्याची शिस्त कडक होती. कोणी दुखणे सांगितले, तर तो त्याला सर्वांसमोर उभा करून लाजवी. "माझ्या शिष्यांच्या तोंडून तक्रार निघत नाही," असे तो अभिमानाने सांगे. एकदा सोमिल नावाच्या भिक्षूच्या पायात काटा मोडला. तो बोलला नाही. पाय सुजला, पू धरला, तरी तो बोलला नाही. भिक्षेला जाताना तो वाटेत कोसळला, तेव्हा पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. वैद्याला तो कापावा लागला.

शास्त्यांनी कुंडिकाला बोलावून विचारले, "सोमिलाने तुला सांगितले का नाही?"

"भंते, मला माहीत नाही. माझे शिष्य मला काही सांगत नाहीत."

"कुंडिका," शास्ता म्हणाले, "ज्यांना तू सांभाळतोस, त्यांची वाचा तू पूर्वीही काढून घेतली होतीस." आणि त्यांनी मागील जन्मातील गोष्ट सांगितली.

पूर्वी शंखपूर नगरात सुषेण राजाचे राज्य असताना बोधिसत्त्वाने एका बुरुडाच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव वेतस. तो सुपे, टोपल्या आणि धान्याच्या कणग्या विणी. त्याची वीण इतकी घट्ट असे की कणगीतून तीळ गळत नसे. पिंजऱ्याच्या बाबतीत त्याचा एक नेम होता. ज्या घरात पिंजरा टांगायचा, ते घर पाहिल्यावाचून तो बांबूला सुरी लावीत नसे. लोक हसत. तो म्हणे, "टोपलीत काय घालाल, ते मी विचारीत नाही. पिंजऱ्यात जीव घालतात."

त्याच नगरात राजकोठाराचा अधिकारी कर्दम राहत असे. त्याच्या कोठारात दोनशे हमाल पोती वाहत, आणि पायांच्या आवाजाखेरीज तेथे काही ऐकू येत नसे. घरी त्याची पत्नी उत्पला आणि सात वर्षांची मुलगी सुमना होती. कर्दमाने राखणीसाठी धनगरांकडून तांबूस रंगाचे एक पिल्लू आणले होते. त्याचे नाव कपिश. पिल्लू जेवताना कोणी जवळ गेले, की ते थाळीवर मान घालून गुरगुरे. पाखरू दिसले, की भुंकत धावे.

एके दिवशी पक्षी विकणारा दारात आला. त्याच्या टोपलीत डोंगरी मैनेचे पिल्लू होते. सुमना ते पाहून तेथेच बसली.

"आई, ही हवी. मी तिला रोज केळे देईन."

"अगं, घरात एक पिल्लू आहे. त्याला अजून उंबऱ्याबाहेर मुतायला कळत नाही," उत्पला म्हणाली. "आणखी एक जीव कोणी बघायचा?"

पक्षी विकणारा हसला. "बाईसाहेब, खरे सांगू? हे कुत्रे असेपर्यंत मीच देणार नाही. मैना जे ऐकेल ते बोलते. पाहुण्यांसमोर माझी मैना भुंकायला लागली, तर लोक मला चपलेने मारतील."

कर्दमाला ते बोलणे पटले. वसंतोत्सवात राजा आपल्या घरी यावा, आणि मैनेने दारातच त्याचा जयजयकार करावा, असे त्याच्या मनात आले. तो म्हणाला, "महिनाभराने ये. कुत्रे मुके झालेले असेल."

त्या दिवसापासून त्याने कपिशाला शिकवायला घेतले. तो थाळी पुढे ठेवी, पिल्लाने तोंड घातले की ओढून घेई. पिल्लू गुरगुरले की ओल्या बांबूच्या कामटीने त्याच्या नाकावर मारी. भुंकले तरी मारी. दात दाखवले तरी मारी. पहिल्या आठवड्यात पिल्लू ओरडे. दुसऱ्या आठवड्यात ते खालच्या आवाजात कण्हे. महिना भरण्याआधीच ते निमूट झाले.

मग कर्दमाने पिंजऱ्यासाठी वेतसाला बोलावले. "पिंजरा असा वीण, की राजाची नजर खिळली पाहिजे. काम चांगले झाले, तर यंदाच्या कोठाराच्या सगळ्या कणग्या तुझ्याकडून घेईन."

सगळ्या कणग्या म्हणजे वर्षभराची भाकरी. वेतसाच्या घरी म्हातारी आई होती, तीन मुले होती. तो म्हणाला, "मालक, आधी घर पाहू द्या."

कर्दमाने त्याला अंगणात नेले आणि कपिशाची थाळी मागवली. पिल्लाने मांसाचा तुकडा धरला. कर्दमाने तो त्याच्या तोंडातून काढून घेतला, पुन्हा दिला, पुन्हा काढून घेतला आणि शेवटी परत दिला. पिल्लाने आवाज केला नाही.

"बघ, बुरुडा. साधूसुद्धा इतके सहन करणार नाही."

वेतस खाली बसला. पिल्लाचे अंग ताठ झाले होते. मानेवरचे केस उभे होते. डोळ्यांतला पांढरा भाग दिसत होता.

"मालक, याने सहन केलेले नाही. पूर्वी याला राग आला की हे तुम्हाला सांगत होते. आता सांगत नाही. राग होता तेथेच आहे."

"तू कुत्र्यांचा वैद्य कधीपासून झालास?"

"वैद्य नव्हे. पण ओला बांबू वाकवताना कुरकुरतो. तो आवाज ऐकून आम्ही हात सैल करतो. जो बांबू कुरकुरत नाही, तो एकदम फुटतो आणि त्याची धस हातात घुसते." असे म्हणून वेतसाने थाळीतला दुसरा तुकडा उचलला आणि पिल्लासमोर धरला. पिल्लाने तोंडातला तुकडा टाकून तो घेतला. वेतसाने पडलेला तुकडा उचलला, थोडे थांबून तोही परत दिला. असे त्याने पाच-सहा वेळा केले. पिल्लाची मान हळूहळू खाली आली.

"हात जवळ आला की काही जाते, हे याला तुम्ही शिकवले. हात जवळ आला की काही मिळते, हे शिकवा. वेळ लागेल. गुरगुरले, तर थांबा, मागे व्हा. ते चावण्यासाठी गुरगुरत नाही. चावावे लागू नये, म्हणून गुरगुरते."

कर्दम मोठ्याने हसला. "म्हणजे आता कुत्र्याला लाच द्यायची! माझ्या कोठारात असा कारभार केला असता, तर उंदरांनी मला पगार दिला असता. पिंजऱ्याचे बोल."

वेतस उठला. "या घरासाठी मी पिंजरा विणणार नाही."

"कणग्यांचे काय म्हणालो, ते ऐकलेस ना?"

"ऐकले."

"मग तुझ्या पोरांना बांबू खायला घाल," कर्दम म्हणाला.

वेतस दारापर्यंत आला, तेव्हा उत्पला आडोशाला उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, पोर रोज पक्षी मागते. आणू की नको? तुम्हीच सांगा."

"ताई, या घरात कोणी तक्रार केली, तर ती ऐकून घेतात का? ऐकत असतील, तर आणा. नसतील, तर अंगणातल्या जांभळाच्या झाडाला पाण्याचे मडके बांधा. पाखरे आपणहून येतील, आणि भ्याली तर उडून जातील. आणखी एक सांगतो. मुलीला या पिल्लाजवळ एकटी सोडू नका. ते आता चावण्याआधी सांगणार नाही."

उत्पलाने ते नवऱ्याला सांगितले. कर्दम म्हणाला, "कणग्या गेल्या म्हणून बुरूड शाप देऊन गेला." तिने पुन्हा विषय काढला, तेव्हा त्याने तिच्याकडे नुसते पाहिले. ती गप्प झाली. त्या घरात गप्प बसण्याची सवय सर्वांना होती.

दुसऱ्या बुरुडाने पिंजरा विणला. मैना आली. कर्दम रोज सकाळी तिच्यापुढे उभा राहून "महाराजांचा जय असो" असे म्हणे. मैना एक डोळा त्याच्याकडे करून ऐके आणि काही बोलत नसे. कर्दम बाहेर गेला की सुमना पिंजऱ्याखाली बसून तिच्याशी दिवसभर गप्पा मारी. कपिश ओसरीच्या खांबाशी बांधलेला असे. सहा महिन्यांत तो अंगाने थोराड झाला. येणारे-जाणारे त्याला ओलांडून जात आणि म्हणत, "कुत्रे असावे तर असे." त्याच काळात वेतसाच्या घरी एक वेळची चूल पेटत होती. राजकोठाराने नाकारलेल्या माणसाकडून इतर व्यापारीही माल घेईनासे झाले होते.

एके दुपारी मैनेने केळ्याचा तुकडा पिंजऱ्याबाहेर टाकला. तो घरंगळत कपिशाच्या थाळीजवळ गेला. कपिश हाड चघळत होता. सुमना तुकडा उचलायला वाकली. दुसरे कुत्रे असते, तर तिने त्याची गुरगुर ऐकली असती आणि ती मागे सरली असती. कपिशाची मान ताठ झाली, केस उभे राहिले. मुलीचे लक्ष केळ्याकडे होते. तिला इशारा ऐकू आला नाही, कारण इशारा झालाच नाही. कपिशाने तिचा गळा धरला.

नोकरांनी तिला सोडवले. वैद्याने जखम शिवली. मुलगी जगेल, एवढेच तो सांगू शकला.

कर्दमाने चार हमालांना काठ्या घेऊन बोलावले. कपिश दोरी तोडून अंगणातल्या गाडीखाली दडून बसला होता. त्याच्या पाठीवर पहिली काठी पडली, तरी तो ओरडला नाही. बातमी ऐकून वेतस धावत आला आणि गाडीपुढे हात पसरून उभा राहिला.

"मालक, हा जीव मला द्या. मी याला नगराबाहेर नेईन. दोरी माझ्या हातातून सुटणार नाही."

"माझी पोर आत पडली आहे, आणि तू कुत्रे मागतोस? बाजूला हो, नाहीतर पुढची काठी तुझ्या डोक्यात."

"मारा. पण याने जे केले, ते तुम्ही शिकवले तेच आहे."

हमालांनी काठ्या उगारल्या आणि मालकाकडे पाहिले. तेव्हा घरातून उत्पला बाहेर आली. तिच्या पदरावर मुलीचे रक्त होते. ती प्रथमच नवऱ्यापुढे मोठ्याने बोलली.

"द्या त्यांना. त्यांनी सांगितले होते, मी ऐकले होते, आणि मी गप्प बसले. आता या दारात आणखी रक्त नको."

कर्दम वळून आत मुलीकडे गेला. हमालांनी काठ्या खाली घेतल्या.

वेतसाने कपिशाला नगराबाहेर बांबूच्या बेटाजवळ नेले. तेथे त्याने भक्कम कुंपण विणले आणि मुलांना त्याच्या आत येऊ दिले नाही. रोज तो स्वतःच्या भाकरीतला वाटा घेऊन कुंपणात जाई, काही अंतरावर ठेवी आणि बसून राही. कपिशाने दोनदा त्याच्या हाताचा चावा घेतला. वेतसाने जखम धुतली आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तो पुन्हा तेथे बसला. सव्वा वर्ष असे गेले. मग एका सकाळी वेतसाने थाळीकडे हात नेला, तेव्हा कपिशाच्या छातीतून एक बारीक, खरखरीत गुरगुर निघाली. वेतसाने तत्काळ हात मागे घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. तो म्हणाला, "बोल, बाळा. मी ऐकतो आहे." त्यानंतर कपिशाने कोणालाही चावले नाही. म्हातारा होऊन तो त्याच बेटात मेला.

ही गोष्ट सांगून शास्ता म्हणाले, "त्या वेळचा कपिश म्हणजे आजचा सोमिल. उत्पला म्हणजे त्याच्या जखमेला रोज औषध लावणारी उपासिका रेवती. कर्दम तू होतास, कुंडिका. वेतस बुरूड मीच होतो." सुमना कोण होती, हे त्यांनी सांगितले नाही, आणि ते विचारण्याचा धीर कोणाला झाला नाही. "दुसऱ्याचा राग आणि दुसऱ्याचे दुःख हात न उगारता ऐकून घेणे, याला क्षांती म्हणतात. ज्याच्याजवळ क्षांती नाही, त्याने जीव पाळू नये आणि शिष्यही करू नयेत."

कुंडिकाने खाली मान घालून विचारले, "भंते, कर्दमाचे पुढे काय झाले?"

शास्ता म्हणाले, "ऐक."

सुमनाची जखम तीन महिन्यांनी भरली. तिचा आवाज परत आला नाही. जखमी मुलगी ज्या घरात आहे, तेथे राजा उत्सवाला आला नाही. एके सकाळी कर्दम पाटावर बसला असता ओसरीतून हाक आली, "बाबा, इकडे या ना! बाबा, हे बघा!" तो ताट लाथाडून धावला. सुमना पिंजऱ्याखाली ओठ मिटून बसली होती. तिच्या डोक्यावरच्या पिंजऱ्यातून मैना मान वाकडी करून पुन्हा म्हणाली, "बाबा, हे बघा!" आणि सुमना जशी हसत असे, तशी हसली.

कर्दमाने पिंजऱ्याचे दार उघडून पक्ष्याची मान धरली. सुमनाने दोन्ही हातांनी त्याचे मनगट पकडले आणि नको म्हणून मान हलवली. त्याने मैनेला सोडले. तिला तो मारू शकला नाही, आणि उडवूनही देऊ शकला नाही, कारण त्याच्या मुलीचा आवाज आता तेथेच होता. मैना आणखी चौदा वर्षे जगली. रोज सकाळी ती कर्दमाला हाक मारी, आणि तो उठून पिंजऱ्यापुढे येऊन उभा राहीपर्यंत थांबत नसे.